तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातली टीबीची तपासणी, आमचा अनुभव

आमच्या चुलत्याला खोकला दोन आठवड्याच्या वर गेला, म्हणून बीड जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तपासणी, औषध सगळं फुकट. सिस्टर लई चांगल्या, नुसतं डबी देऊन पाठवलं नाही, "काका थुंकी नको, खोल श्वास घ्या, छातीतून खोकून बेडका काढा" असं समोर उभं राहून, तेबी उघड्यावर नेऊन सांगितलं. मशीनवर टीबी निघाला आणि नेहमीची गोळी लागू पडते का तेबी कळलं.

मग विचारपूस, बिडी पिता का, दारू, वजन किती उतरलं, घरात कुणाला झाला होता का, एचआयव्ही आणि शुगर दोन्ही तपासले. काकाची शुगर वाढलेली निघाली! शुगरवाल्याला टीबीचा धोका दोन-तीन पट असतो हे आमच्याकडं कुणालाच माहीत नव्हतं, सगळे बिडीलाच दोष द्यायले. उपाशीपोटी राबणारे ऊसतोड कामगार, खडी क्रशरच्या धुळीतले, एका खोलीत दाटीनं झोपणारे, यांनी तर अंगावर काढूच नये.

खटकलं ते एकच, खोकणारे पेशंट आणि लेकरं घेतलेल्या बाया एकाच बंद व्हरांड्यात बसवतात, खिडक्या तरी उघडा की राव.

कोर्स 6 महिन्याचा, पोषणाला महिन्याला 1000 रुपये खात्यावर येतात, घरच्यांचीबी तपासणी होते. प्रायव्हेटला पैसे घालायच्या आधी इथं जा. पाचपैकी चार स्टार.