कॅन्डिड की साधे फोटो? खळ्यात लग्न असेल तर

तुळशीचं लग्न लागलं की माझा फोन वाजायला लागतो. भावकीतलं कोणीतरी विचारतं, "दादा, मांडववालो झालो, आचारी झालो. फोटोवालो खंयचो करू? कॅन्डिड काय साधो?" कॅन्डिड म्हणजे माणसं आपल्या नादात असताना, न सांगता टिपलेला फोटो. साधा म्हणजे 'इकडे बघा, हसा, हलू नका' म्हणत, उभं करून काढलेला. पॅकेजच्या कागदावर त्याला ट्रॅडिशनल लिहितात, पण वाडीत साधाच म्हणतात, आणि त्या म्हणण्यात थोडी कीवही असते.

मी याचं उत्तर दोनदा दिलंय. स्वतःच्या लग्नात मुंबईहून कॅन्डिडवाले आणले. पाच वर्षांनी धाकट्या बहिणीच्या लग्नात तालुक्याच्या गावातला साधा स्टुडिओवाला सांगितला. दोन्ही लग्नं आमच्याच खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, दोन्ही मे महिन्यात, मांडवही एकाच माणसाचा. त्यामुळे दोन अल्बम शेजारी ठेवून बघायची सोय मला आहे, एवढाच माझा अधिकार. फोटोग्राफीतलं फार कळतं असं नाही.

आधी कॅन्डिडचं देणं मान्य करतो. माझ्या अल्बममधला सगळ्यात चांगला फोटो माझा नाहीच. मांडवामागे फणसाखाली आचारी टोपाचं झाकण उचलून वाफेत तोंड घालून उभा आहे आणि त्याच्या बाजूला आमच्या दोन आत्या एकाच ताटलीतून रश्श्याचं मीठ बघतायत. या दोघींचं आंब्याच्या कलमांच्या वाटणीवरून चार वर्षं बोलणं बंद होतं. तो अबोला त्या दिवशी सुटला हे आम्हाला अल्बम आल्यावर कळलं. साध्या फोटोवाल्याला हे दिसलं नसतं. दिसलं असतं तर "ताई, जरा जवळ या" म्हणून त्याने ते घालवलं असतं. अंतरपाट खाली येतानाचा बायकोचा चेहराही असाच. त्या क्षणी तिला कोणी "इकडे बघा" म्हटलं असतं, तर तो फोटो आज आमच्याकडे नसता.

दुसरी गोष्ट, कॅन्डिडवाले विधी अडवत नाहीत. बहिणीच्या लग्नात साध्या फोटोवाल्याने मंगळसूत्र दोनदा बांधायला लावलं, कारण पहिल्यांदा मामाचं डोकं मध्ये आलं. सप्तपदीत चौथ्या पावलाला दोघांना पाय उचललेल्या अवस्थेत थांबवलं. भटजी शेवटी म्हणाले, "मुहूर्त तुम्ही काढलाय की मी?" मांडव हसला, पण माझ्या आईला ते लागलं. या एका मुद्द्यावर तुम्ही कॅन्डिड घेणार असाल तर मी वाद घालणार नाही.

आता उजेडाचं बोलू, कारण कोकणातल्या मे महिन्यात निम्मं भांडण त्याच्याशी असतं. मेच्या पहिल्या पंधरवड्यात सिंधुदुर्गात आणि रत्नागिरीत शून्य सावलीचे दिवस येतात. सूर्य दुपारी साडेबाराच्या सुमारास अगदी डोक्यावर असतो, आणि आपले मुहूर्तही नेमके त्याच वेळचे निघतात. मांडवाबाहेर पाऊल टाकलं की डोळ्यांच्या जागी खड्डे आणि गालावर मुंडावळ्यांची काळी सावली. मांडवाच्या आत वेगळाच प्रकार. वळवाच्या भीतीने वर निळी ताडपत्री असते आणि तिच्यातून गाळून येणारा उजेड सगळ्यांना निळं करतो. साधा फोटोवाला छत्रीवाला फ्लॅश मारतो आणि चेहरे माणसाच्या रंगाचे येतात, थोडे तुकतुकीत, पण माणसाचे. आमच्या कॅन्डिडवाल्यांचा फ्लॅश न वापरण्याचा बाणा होता. हळदीत माझे वडील निळे, मी हिरवा. नंतर त्यांनी ते सगळे फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून दिले आणि आम्ही बरेच दिवस त्याला कला समजत होतो.

शिवाय ती कॅन्डिडवाली मुलं रात्री एसी लावून झोपली होती. पहाटे थंड कॅमेरे बाहेरच्या दमट हवेत काढल्याबरोबर काचेवर वाफ धरली. पुसली की पुन्हा धरायची. ती जाईपर्यंत अर्धा तास गेला आणि तेवढ्यात देवक बसलं. कॅमेऱ्याची बॅग तासभर आधी बंदच ओटीवर आणून ठेवली असती तर हे टळलं असतं. तालुक्यातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, कारण त्याच्याकडे एसीच नाही.

आता माझ्या नावडीकडे येतो. यासाठी थोडं मागे जावं लागेल. फोटोसाठी ताठ बसणं ही हौस नव्हती, नाइलाज होता. १८३९ मध्ये फ्रान्समधल्या डागेरचं फोटो काढण्याचं तंत्र जाहीर झालं तेव्हा लेन्समधून उजेड इतका कमी आत यायचा की माणसाला दगडासारखं बसावं लागे. पुढे माणसांचे फोटो काढू लागले तेव्हा मान हलू नये म्हणून मागून लोखंडी आधार लावत. मग १९२० च्या दशकात भरपूर उजेड आत घेणाऱ्या मोठ्या तोंडाच्या लेन्स छोट्या कॅमेऱ्यांना बसल्या आणि जर्मनीत एरिख सालोमन परिषदांत, कोर्टात बसलेल्या लोकांना कळू न देता फोटो काढू लागला. न सांगता फोटो काढण्याची सवय तिथून रुजली. आजचा कॅन्डिडवाला त्याच वाटेवरचा. लेन्स १.४ वर उघडायची, लांबून टिपायचं.

पण लेन्स एवढी उघडली की एकच गोष्ट स्पष्ट येते. बाकी सगळं तुपात सोडल्यासारखं विरघळतं. माझ्या अल्बममध्ये बायकोचा एक डोळा इतका स्पष्ट आहे की पापण्या मोजाव्यात. दुसऱ्या डोळ्यापर्यंत जाईतो धुकं सुरू होतं, आणि तिच्या मागे जे आहे ते नुसते रंगाचे गोळे. पहिले दोन महिने मला ते सुंदर वाटलं. मग गावी गेलो तेव्हा आक्काआजीने अल्बम मांडीवर घेतला, शेवटपर्यंत पानं उलटली आणि विचारलं, "माझो एकव फोटो नाय काय रे?"

होता. मी नंतर बसून मोजले. आक्काआजी चौदा फोटोंत होती. चौदाही फोटोंत माझ्या किंवा बायकोच्या खांद्यामागे एक फिकट, मऊ ठिपका. लुगड्याचा रंग माहीत होता म्हणून मला ओळखता आला. तिला तो दाखवून "ही तू" म्हणायचा धीर झाला नाही.

त्यानंतर मला त्या अल्बममध्ये तेवढंच दिसायला लागलं. घर नाही, पडवी नाही, तुळशीवृंदावन म्हणजे एक केशरी डाग. हे लग्न दादरच्या हॉलमध्ये लागलं असतं तरी अल्बम बहुतेक असाच आला असता. बायकोच्या मामी मात्र चार ठिकाणी सुरेख आहेत, कारण त्यांची साडी भारी होती आणि मुलांनी त्यांनाच माझी सासू समजलं. खऱ्या सासूबाई एका फोटोत अर्ध्या. तालुक्यातला फोटोवाला माणसं ओळखतो. त्याने आमच्या घरातल्या तीन बारशांचे आणि एका बाराव्याचे फोटो काढलेत. कोणाला खुर्ची द्यायची, कोणाला मागे उभं करायचं, कोणाचा मान आधी हे तो यजमानापेक्षा चांगलं जाणतो.

सगळ्यांचा एकत्र फोटो कॅन्डिडवाल्यांनीही काढला होता, नाही असं नाही. "सगळे खळ्यातून हसत चालत या, माझ्याकडे बघू नका," असं सांगून. घरपट्टी भरायला निघाल्यासारखे चालणारे आमचे सहा काका त्या दिवशी न बघता, हसत, एका ओळीत चालले. यालाही कॅन्डिडच म्हणायचं असेल तर मला फरक समजलेला नाही.

साध्या फोटोत हसू कमी असतं, हे खरं. आमच्या आजोबांच्या लग्नाचा एकच फोटो आहे, मागच्या बाजूला स्टुडिओच्या शिक्क्याचा. दोन लेन्सचा डब्यासारखा कॅमेरा असायचा तेव्हा, १२० नंबरच्या फिल्मच्या रोलवर बारा फोटो, त्यातला एक आपल्या वाट्याला. अशा वेळी कोण हसणार? ती सवय अंगात राहिली असावी. बहिणीच्या अल्बममध्ये मोठे काका रेशनकार्डावरच्यासारखे बघतायत. स्टेजवरच्या अहेराच्या रांगेचे सत्तरेक फोटो तर सगळे एकच, फक्त मधला पाहुणा आणि पाकीट बदलत जातं. ते मी कधीच उघडत नाही. पण फोटोवाल्याने "मुलीकडचे सगळे" म्हणून खळ्यात बाक मांडून जो फोटो काढला, "हसा गो, हसाक पैसे पडनत नाय" असं ओरडत, त्यात अडतीस डोकी आहेत आणि अडतीसही ओळखता येतात. लेन्स आठवर, म्हणजे १.४ पेक्षा बरीच मिटून, ठेवली होती, त्यामुळे पुढचं-मागचं सगळं स्पष्ट येतं, असं त्याने नंतर सांगितलं. आक्काआजी मधल्या खुर्चीवर, काठी दोन्ही हातांत. तिचा दुसरा एवढा स्पष्ट फोटो घरात नाही. नंतर भिंतीवर लावायची वेळ आली तेव्हा त्यातूनच कापून मोठा करून घेतला.

त्याच फोटोत डोक्यांच्या मागे अख्खी पडवी आहे. झोपाळ्याची कडी, विजेचा मीटर, पतपेढीचं कॅलेंडर, आंब्याच्या रिकाम्या पेट्यांची चळत. गेल्या पावसाळ्यात त्या पडवीची चिऱ्याची भिंत पुढच्या खिडकीसकट बसली. जुन्या घडणीची खिडकी पुन्हा तशीच करायची होती आणि गवंड्याने विचारलं, उभे गज किती, आडवी पट्टी कुठे? घरातल्या चार माणसांनी चार आकडे सांगितले. शेवटी बहिणीचा अल्बम पिशवीतून कामावर नेला. आठ गज, दोन पट्ट्या, वरची कमान थोडी डावीकडे कललेली. गवंडी म्हणाला, कमान सरळ करू काय? मी म्हटलं, नको.

माझ्या लग्नाचे अठराशे फोटो पेनड्राइव्हवर आहेत. त्यातून गज मोजायला मिळतात का हेही बघितलं होतं. एका फोटोत नऊ दिसले, एकात सहा.

आता हे सगळं माझ्यापुरतं. मला मिळालेली मुलं नवखी असतील. चांगला कॅन्डिडवाला रुंद लेन्सही लावत असेल आणि अंधाऱ्या मांडवात फ्लॅशही वापरत असेल. म्हणून कॅन्डिड ठरवणार असाल तर निवडक तीस फोटो बघू नका, एखाद्या लग्नाचे पहिल्यापासून शेवटपर्यंतचे सगळे मागा, तेही ताडपत्रीच्या मांडवातल्या लग्नाचे. लग्न समुद्रावरच्या रिसॉर्टमध्ये, संध्याकाळचं, मोजक्या शंभर माणसांत असेल तर माझी हरकतच नाही. आपल्याकडे सूर्य समुद्रात बुडतो, मेमध्ये सातच्या आसपास, आणि त्या उजेडात कॅन्डिडवाल्याच्या जवळपासही साधा पोचणार नाही. मागे घर नसलं की धूसर झालं काय आणि नाही काय.

दोघांनाही बोलावणं हा मधला मार्ग लोक सुचवतात. मी पाहिलंय ते असं, की साध्याचा फ्लॅश कॅन्डिडच्या फोटोत पांढरा भडका होऊन येतो, व्हिडिओवाल्याचा दिवा प्रत्येक चौकटीत उभा असतो आणि अक्षता टाकणाऱ्यांना नवरा-नवरीऐवजी पाच जणांच्या पाठी दिसतात. पैसे असतील तर करा, पण कोण कधी पुढे जाणार हे आदल्या रात्री हळदीलाच ठरवून घ्या.

एकालाच सांगणं परवडत असेल आणि लग्न घरच्या खळ्यात असेल, तर मी साध्याकडे झुकेन. त्याला दोन गोष्टी बजावून. भटजींच्या कामात तोंड घालायचं नाही, काय चुकलं ते चुकलं. आणि अक्षता पडल्यावर, पंगत बसायच्या आधी, वीस मिनिटं फक्त एकत्र फोटोंना. पंगतीनंतर म्हातारी माणसं आडवी होतात आणि चाकरमान्यांना गाडी गाठायची असते. एकदा का रिक्षा आली की ती अडतीस डोकी पुन्हा एका जागी येत नाहीत.

बायकोला यातलं काहीही पटत नाही. पाहुणे आले की ती कॅन्डिडचाच अल्बम पुढे ठेवते आणि अंतरपाटाच्या पानावर थांबते. तिथे मलाही थांबावंसं वाटतं, हे कबूल करतो.

यंदा वैशाखात चुलतभावाचं आहे, त्याच खळ्यात. माझं सगळं ऐकून घेऊन त्याने कॅन्डिड ठरवलं, मुलीची इच्छा म्हणून. ठीक आहे. अक्षता पडल्या की शिडीवर मोबाइल घेऊन मी उभा राहणार आहे, असं त्याला सांगून ठेवलंय. आंबे काढायची शिडी आहे. पडवीच्या पत्र्यापर्यंतचं सगळं बसतं.