खोकं अस्सल, आतला माल बनावट

मी एका पतसंस्थेत कॅशिअर आहे. बावीस वर्षं नोटा मोजतोय. पाचशेची खोटी नोट असली तर ती आधी बोटांना कळते, डोळ्यांना नंतर. असला माणूस गाडीच्या दोन लोअर आर्ममध्ये, म्हणजे पुढची चाकं खालून धरून ठेवणाऱ्या लोखंडी हातांमध्ये, सरळ सरळ गंडला, म्हणून हे लिहायला बसलोय. गेले पैसे फार नाहीत. पण पैशांपेक्षा जास्त काय गेलं ते पुढे येईलच.

गाडी २००७ ची वॅगन-आर, पहिल्या दिवसापासून माझ्याकडेच. २०२२ ला पंधरा वर्षं भरली तेव्हा पासिंग करून पाच वर्षं वाढवून घेतली. पोरगा म्हणतो विका. इंजिन अजून एका चावीत चालू होतं, मग विकायची कशाला? राहायला कोल्हापुरात फुलेवाडीत आणि सासुरवाडी गगनबावड्याकडे, त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी तो रस्ता आलाच. पावसाळ्यात खड्डे पडतात, आणि ते बुजायच्या आत उसाचा सीझन चालू होतो. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर समोरून आला की आपण निमूट डांबर सोडून साइडपट्टीवर उतरायचं. अठरा वर्षं असं उतरून-चढून पुढच्या चाकांखालचं सगळं खिळखिळं झालं होतं.

दिवाळीच्या सुमारास स्पीडब्रेकरवर खडखड इतकी वाढली की आमची ही म्हणाली, "डिकीत भांडी ठेवलीत का?" उजव्या बाजूचा पुढचा टायर आतून झिजलेला, एका शॉकअपमधून तेल ओघळलेलं. गॅरेजमध्ये दाखवली तर चौदा हजारांचा आकडा आला. मला पाना हातात धरायची हौस जुनीच. घरापुढे फरशी आहे, जॅक आहे, दोन स्टँड मेव्हण्याकडून आणले. म्हटलं घरीच करू.

दुखणं शोधणं अवघड नसतं. चाक जमिनीवरून उचलायचं, वर-खाली हात धरून हलवायचं, म्हणजे घड्याळात बारा आणि सहा वाजतात तिथे. तिथे ढिलं लागलं तर बॉल जॉइंट (आर्मच्या टोकाचा गोळ्यावर फिरणारा सांधा) नाहीतर बेअरिंग. नऊ आणि तीनवर धरून हललं तर टाय रॉडकडे, म्हणजे स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याकडे, बघायचं. माझ्याकडे दोन्हीकडे हलत होतं. लोअर आर्म गाडीला जोडतो तिथल्या रबरी बुशात टॉमी (लोखंडी दांडा) घालून जरा उचललं तर रबर चिरलेलं स्पष्ट दिसलं. यादी झाली: दोन्ही लोअर आर्म, टाय रॉड एंड, दोन्ही शॉकअप.

आता दुकान. नाव लिहीत नाही, गल्लीही लिहीत नाही. ज्याला शहर माहीत आहे त्याला असली दुकानं माहीत आहेत: आत अंधार, छतापर्यंत खोकी, काउंटरवर चार मिस्त्री कायम उभे. गर्दी बघूनच मला विश्वास वाटला. मालकानं विचारलं, "कुठल्या गॅरेजला बसवणार?" मी छाती फुगवून सांगितलं, "घरीच. मी स्वतः."

ही माझी पहिली चूक. त्या वाक्याची किंमत मला दोन महिन्यांनी कळली.

"मग तर ओरिजिनलच घेऊन जा की सर," तो म्हणाला. "डोळं झाकून न्या. बसवा आन् विसरून जा." कंपनीच्या नावाची खोकी पुढ्यात आली. लेबल, चकचकीत होलोग्राम, एमआरपी, सगळं जागच्या जागी. एमआरपीवर पंधरा टक्के सूट. मी बिल मागितलं तर म्हणाला, "पक्कं बिल पाहिजे असंल तर जीएसटीचे अठरा टक्के वर पडतील. बघा तुम्ही." मी बघितलं, हिशेब केला, आणि एका चिठ्ठीवर समाधान मानलं. तिच्यावर 'एस्टिमेट' छापलेलं होतं, दुकानाचं नाव नव्हतं. खोक्यावरची एमआरपी सगळे कर धरूनच असते, तिच्यावर कर लावता येत नाही, हे मला माहीत होतं. आणि इथे तर एमआरपीपेक्षा कमी भाव ठरला होता, त्यातही कर आलाच होता. पण वाचणारे पैसे दिसले की माहीत असलेलं आठवत नाही. पैसे फोनवरून दिले. स्क्रीनवर दुकानाचं नाव आलं नाही, कुणा तरी माणसाचं आलं. तेही मी बघितलं आणि सोडून दिलं.

एकूण आठ हजारांच्या आसपास गेले, त्यातले दोन आर्मचे तीन हजार चारशे. शॉकअप वेगळ्या कंपनीचे, सीलबंद, आणि ते अगदी खरे निघाले. आजही उत्तम चालतात. सगळाच माल खोटा असता तर मला लवकर संशय आला असता.

दोन रविवार लागले. शॉकअपवरची स्प्रिंग मी घरी उघडली नाही. कुणीच उघडू नये. ती दाबून बसवलेली असते, योग्य कॉम्प्रेसर नसताना वरचा नट सोडला तर तोंडावर येते. जुने शॉकअप गाडीतून काढून ओळखीच्या मिस्त्र्याकडे नेले, त्यानं स्प्रिंग नव्यावर चढवून दिली, दोनशे रुपये. बाकी सगळं मी केलं. चाकाचे नट जमिनीवर असतानाच सैल करायचे, मागच्या चाकांना ठोकळे, स्टँड लावल्याशिवाय खाली जायचं नाही, हे सगळं पाळलं. गंजलेला एक बोल्ट निघायला दीड तास लागला. संध्याकाळी गाडी खाली उतरवली, रंकाळ्याला एक फेरी मारली. आवाज बंद! तांबडा-पांढरा खाऊन झोपलो त्या रात्री.

तीन आठवड्यांनी, रिव्हर्स घेताना, 'टक्'.

मग हळूहळू वळणावरही 'टक्'. मग ब्रेक लावला की गाडी डावीकडे ओढायला लागली. आणि इथून माझी खरी फसवणूक चालू झाली, कारण मला एकदाही वाटलं नाही की माल खोटा असेल. मला वाटलं, मीच कुठेतरी चुकलो. आणि शंका घ्यायला जागाही होती. आर्मच्या रबरी बुशांचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडीचं वजन चाकांवर आल्यावर. चाक हवेत लोंबत असताना आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. डावी बाजू मी अंधार पडला म्हणून वरच आवळली होती की काय, आठवेना. पुन्हा सगळं सोडलं, पुन्हा आवळलं. बॉल जॉइंटचा बोल्ट तपासला, बोल्ट ठरलेल्या जोरानं आवळायचा टॉर्क पाना उसना आणला. आणखी दोन रविवार गेले. आवाज तसाच. हिनं विचारलं, "मिस्त्र्याकडं द्यायची का?" मी चिडलो. खरं तर मला लाज वाटत होती. अशा अवस्थेत मी तिला आणि सासूबाईंना घेऊन गगनबावड्याला जाऊनही आलो, उसाच्या ट्रॅक्टरांना साइड देत देत, हे आता आठवलं की घाम फुटतो. बॉल जॉइंट सुटला तर चाक आडवं होतं, स्टिअरिंग हातात राहून काही उपयोग नसतो.

शेवटी गाडी अलाइनमेंटला, म्हणजे चाकं सरळ रेषेत करून घ्यायला, नेली. तिथला पोरगा मशीन लावायच्या आधी चाक हलवून बघतो, चांगली सवय आहे. हलवलं आणि थांबला. "काका, हे आर्म कधी बदलले होते?"

"दोन महिने झाले."

तो हसला. मग माझं तोंड बघून हसायचा थांबला. "मी अलाइनमेंट करून पैसे घेऊ शकतो, पण करत नाही. आधी हे काढा."

घरी आणून आर्म काढले. शेजारच्या आण्णांना हाक मारली. आण्णा शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत तीस वर्षं इन्स्पेक्शनला होते. निवृत्त झाले तरी जाडी मोजायचा व्हर्नियर अजून खिशात असल्यासारखा जवळ असतो. जुने आर्म मी भंगारात घातले नव्हते, जिन्याखाली पडले होते. हे एक काम मात्र चुकून बरोबर झालं. आण्णांनी नवा आणि जुना शेजारी शेजारी फरशीवर ठेवला आणि काही बोलायच्या आधी दोन्ही हातांत एक-एक घेऊन नुसते तोलले. "अरे, हे हलकं हाय की."

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात काट्यावर ठेवले. झिजलेला, गंजलेला जुना आर्म नव्यापेक्षा साडेतीनशे ग्रॅमनं जड! व्हर्नियर लावला तर जुन्याचा पत्रा २.९ मिलिमीटर, नव्याचा २.१. जुन्यावर ठोकलेला नंबर अठरा वर्षांनीही बोटाला लागत होता, नव्यावर काहीच नाही, नुसता जाड काळा रंग. रंग खरवडला तर खाली वेल्डिंगचे थेंब तसेच सांडलेले. बॉल जॉइंटचं रबर कापलं तर आत ग्रीस नावापुरतं, गोळा गंजलेला आणि तो ज्या प्लॅस्टिकच्या वाटीत बसतो ती वाटी चिरलेली. "आमच्याकडं असला जॉब आला असता ना," आण्णा म्हणाले, "तर मी नुसता रिजेक्ट केला नसता, आणणाऱ्याला बसवून ठेवला असता."

बसवण्याआधी पाच मिनिटं काढून मी हे दोन आर्म असे शेजारी ठेवले असते, तर काट्याचीसुद्धा गरज नव्हती.

खोकी ठेवली होती. ती उन्हात धरली. होलोग्राम खरा वाटत होता, खोकंही खरंच होतं. फक्त पार्ट नंबरचं लेबल जरा फुगलेलं. नखानं सोललं तर खाली दुसरं लेबल, भलत्याच पार्टचं. खोकं म्हटलं की हल्ली लोकांना भलतंच काही आठवतं, पण आमच्या गोष्टीतलं खोकं साधं पुठ्ठ्याचं. ते कुठून आलं असेल, हे मात्र तेव्हा सुचलं नाही.

दुकानात गेलो. मालकानं आर्म हातातही घेतला नाही. चार मिस्त्री उभे होते, त्यांच्यासमोर मोठ्यानं म्हणाला, "सर, तुम्हीच म्हणालाय की घरी बसवणार. चुकीचं बसवलं की असंच होतंय. पंचवीस वर्षं धंदा करतोय, कधी एक कंप्लेंट नाही." मिस्त्री हसले. आणि क्षणभर, खोटं सांगत नाही, मला पुन्हा वाटलं की चूक माझीच असेल. वजनाचा काटा डोळ्यांनी बघितलेला असताना!

तेव्हा लक्षात आलं की त्यानं पहिल्याच दिवशी मला 'कुठल्या गॅरेजला' असं का विचारलं. गॅरेजवाला रोजचं गिऱ्हाईक. त्याला खोटा माल दिला तर तो परत येऊन काउंटरवर आदळतो. घरी बसवणारा वर्षातून एकदा येतो, आणि आवाज आला तर आधी स्वतःवरच शंका घेतो. त्याच्यासाठी उत्तर तयारच असतं. म्हणून सांगतो, घरी काम करणाऱ्यांनी जरूर करावं, पण दुकानात ते सांगू नये. विचारलं तर एखाद्या मिस्त्र्याचं नाव सांगा. खोकं काउंटरवरच उघडा, जुना पार्ट पिशवीत घेऊन जा आणि तिथेच शेजारी ठेवून बघा. फोटो काढा. पक्कं बिल नको म्हणणाऱ्या दुकानातून चाकाखालचं काही घेऊ नका, हवं तर सीट कव्हर घ्या.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही हे तिथल्याच एका वकिलांनी सांगितलं. पण बिल नव्हतं. ती बिननावाची चिठ्ठी आणि फोनमधली एका माणसाच्या नावाची नोंद, एवढाच माझा पुरावा. आठवड्यानं दुकानातून फोन आला, आवाज मऊ. "वाद कशाला सर, दोन हजार घेऊन जा. फक्त ते आर्म आणि खोकी परत आणा, आणि ते कंप्लेंटचं मिटवा." हिचं म्हणणं घ्यावेत. मी गेलो नाही. ते आर्म परत दिले असते तर रंग मारून पुन्हा कुणाच्या तरी गाडीखाली गेले असते. ते आता जिन्याखाली आहेत, जुन्यांच्या शेजारी. तक्रारीचं अजून काही झालेलं नाही.

नवे आर्म कंपनीच्या अधिकृत काउंटरवरून घेतले, बिलासकट. सूट गेली म्हणून जोडीला सहाशे रुपये जास्त पडले. सहाशे! बसवायला एक रविवार पुरला, बुशाचे बोल्ट गाडी खाली उतरवून आवळले, दुसऱ्या दिवशी त्याच पोरानं अलाइनमेंट करून दिली.

त्या रविवारी रिकामी खोकी मी कचऱ्याच्या बादलीशेजारी ठेवून हात धूत होतो. समोरच्या गॅरेजमधला पोरगा आला, खोकी उचलून नीट दाबून बगलेत मारायला लागला. मी विचारलं, कशाला?

"काका, फाडू नका बरं का. लेबल चांगलं असलं तर दहा-वीस रुपयाला एक जातंय. न्यायला माणूस येतोय दर शनिवारी."

मी ती त्याच्या हातातून परत घेतली आणि त्याच्यासमोरच कात्रीनं कापली. तो बघत राहिला.