नुराकुस्ती आहे, तरी घ्या : ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवरच्या जुन्या कुस्त्यांचा डीव्हीडी संच

तीन डिस्कांचा संच, सेकंडहँड, टपालासकट पाच पौंडांना पडला. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही. ‘उत्तम स्थितीत’ म्हणून त्यानं जो माल पाठवला, त्यातल्या तिसऱ्या डिस्कवर मांजर नाचल्यासारखे ओरखडे आहेत. तरी पैसे परत मागितले नाहीत. का, ते पुढं येईल.

मी मूळचा कोल्हापूरचा, अकरा वर्षं झाली इंग्लंडात वुल्व्हरहॅम्प्टनला. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून खासबागेतल्या कुस्त्या बघितलेल्या. त्यामुळं इथल्या व्यावसायिक कुस्तीबद्दल माझं मत न बघताच पक्कं होतं: नुराकुस्ती. हलगी नाही, लाल माती नाही, दोरांच्या चौकटीत बूट घालून केलेलं नाटक. शेजारच्या आजोबांसमोर हे एकदा बोलून गेलो. ऐंशीच्या पुढचे आहेत, उभा जन्म कुलपांच्या कारखान्यात गेलेला. चिडले नाहीत. म्हणाले, “ते आम्हालाही ठाऊक होतं. पण आईला सांगायची कुणाची छाती होती?”

म्हणून संच मागवला आणि शनिवारी बरोबर चारला त्यांना चहाला बोलावलं. वेळ त्यांनीच ठरवली. आयटीव्हीचा ‘वर्ल्ड ऑफ स्पोर्ट’ १९६५ ते १९८५ शनिवारी दुपारी लागायचा, त्यात चारला कुस्ती आणि तिच्यामागून फुटबॉलचे निकाल. वडील पैजेचं कूपन हातात धरून निकालाची वाट बघणार, तोवर टीव्ही आईच्या आणि आजीच्या ताब्यात. पुढं तो कार्यक्रम संपला तरी कुस्ती १९८८च्या डिसेंबरपर्यंत तगली. मग ग्रेग डाइक या क्रीडाप्रमुखानं तिचा गाशा गुंडाळला. हे नाव निघालं की आजोबा कप जरा जोरातच ठेवतात.

पहिली डिस्क बघा, बाकी नाही बघितल्या तरी चालेल. केंट वॉल्टनचं समालोचन आहे. ओरडणं नाही, आरडाओरडा नाही, शेजारी बसून कानात सांगितल्यासारखा आवाज. नियम पहिल्या दहा मिनिटांत कळतात: फेऱ्या पाच-पाच मिनिटांच्या, तीनपैकी दोन वेळा पाडायचं किंवा हार कबूल करून घ्यायची, आणि दांडगाई केली तर जाहीर ताकीद. तिसऱ्या ताकिदीला बाहेर.

या डिस्कवर जॉनी सेंट आहे आणि माझं मत तिथंच चितपट झालं. आपल्याकडं पैलवान पटात सापडला की जोर लावून सुटतो. सेंट जोर लावतच नाही. समोरच्यानं मनगट पिळलं की हा खाली बसतो, एक कोलांटी, सुंभाचा पीळ उलटा सुटावा तसा हात मोकळा. एका लढतीत तर गुडघे पोटाशी घेऊन, डोकं आत घालून मॅटच्या मधोमध मुटकुळं करून बसला. समोरचा भोवती फिरतोय, धरायचं कुठं तेच कळेना. शेवटी वाकून हात घातला आणि दुसऱ्या क्षणाला हात घालणाराच पाठीवर. मी रिमोटनं पाचदा मागं नेलं. आमची ही आतून म्हणाली, “अडकली का हो डिस्क?”

ही विद्या लँकशरच्या खाणकामगारांच्या ‘कॅच’ कुस्तीतून आली. विगनला बिली रायलीची तालीम होती, ‘स्नेक पिट’ नावाची. आपल्या वस्तादांनी मान डोलवावी असली रगडून घेणारी जागा. म्हणजे निकाल ठरलेला, पण मेहनत ठरलेली नव्हती. डंडीचा जॉर्ज किड १९७६मध्ये निवृत्त झाला आणि जागतिक लाइटवेट किताब पुढं सेंटकडं आला. किडच्या कुस्त्या मात्र संचात नाहीत, ही मोठी उणीव.

ब्रॅडफर्डचा जिम ब्रेक्सही बघाच. समोरच्याचा हात पिळून अख्खा माणूस त्या हातावर उचलायचा, आणि स्वतःला जरा लागलं की पंचाकडं जाऊन शाळकरी पोरासारखा रडायचा. आजोबांची आई म्हणे त्याला पर्सनं हाणायला रिंगपर्यंत गेली होती. अशा बायका तेव्हा पुष्कळ होत्या, टोपीची पिनसुद्धा टोचायच्या.

दुसरी डिस्क बिग डॅडीची. ६४ इंच छाती, पोटाची धडक, सगळं सभागृह ‘ईझी, ईझी’ ओरडतंय. मला कंटाळा आला. कुस्त्या भरवणारा त्याचाच सख्खा भाऊ मॅक्स क्रॅबट्री, मग हरणार कोण? १८ जून १९८१ला वेम्बलीत तो आणि जायंट हेस्टॅक्स, म्हणजे चाळीस स्टोनच्या वरचं, अडीचशे किलोंपुढचं धूड, समोरासमोर आले आणि तीन मिनिटांच्या आत खलास. याच लंडनात १९१० साली गामा पैलवान आणि झ्बिस्को अडीच तासांवर लढले होते आणि बरोबरी झाली होती. आजोबांना हे सांगितलं, तर म्हणाले, “अडीच तास? मग फुटबॉलचे निकाल कधी लावायचे?”

आता ती ओरखड्यांची तिसरी डिस्क. तिच्यावर केंडो नागासाकी आहे, मुखवटेवाला, रिंगमध्ये तोंडातून शब्द न काढणारा. १९७५मध्ये सॉलिहलला बिग डॅडीनं त्याचा मुखवटा खेचला होता. दोन वर्षांनी, डिसेंबर १९७७मध्ये, त्यानं आपण होऊन तो उतरवला, तोही आमच्या गावच्या सिव्हिक हॉलमध्ये. माझी बस रोज त्या इमारतीवरून जाते, मला पत्ता नव्हता. आजोबा त्या रात्री बाल्कनीत होते. मुखवट्याच्या गाठी सुटायला लागतात आणि बरोबर तिथं चित्र थिजतं. पुढं ढकललं की थेट पुढची कुस्ती.

पहिल्यांदा ते थिजलं तेव्हा आजोबांनी पुढचं स्वतः सांगितलं: टक्कल, टाळूवरचं गोंदण, मुखवटा जाळला तो, आणि हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. पुढच्या शनिवारी पुन्हा तिथंच अडकली. या वेळी हॉलमध्ये नुसता गलका होता आणि शेजारची बाई रडत होती. काल तिसऱ्यांदा लावली, तर बाल्कनीऐवजी ते चौथ्या रांगेत बसलेले निघाले.

खोक्यावर एकाही लढतीची तारीख नाही, सबटायटल नाहीत, आवाज बारीक आहे. डिस्क इथल्या रीजनच्या आहेत, भारतात पाठवणार असाल तर तिथला प्लेअर घेतो का ते आधी विचारा. पाचपैकी साडेतीन तारे. पहिल्या डिस्कला एकटीला पाच दिले असते, पण ती आजोबा घेऊन गेलेत आणि अजून दिलेली नाही.