आयव्हीआयजी: रक्ताच्या कॅन्सरनंतर ही महागडी बाटली कोणी घ्यावी?

सीएलएल आणि मायलोमा हे रक्ताचे कॅन्सर, रिटुक्सिमॅब (बी पेशी मारणारं औषध) किंवा कार-टी (रुग्णाच्याच टी पेशी बदलून केलेले) उपचार यांनंतर कॅन्सर आटोक्यात आला तरी अँटिबॉडी (जंतूंशी लढणारी प्रथिनं) बनवणाऱ्या पेशी लवकर भरून येत नाहीत. आयजीजी, म्हणजे रक्तातली मुख्य अँटिबॉडी, खालीच राहतं आणि न्यूमोनिया, सायनस पुन्हा पुन्हा उलटतात. आयव्हीआयजी म्हणजे हजाराहून जास्त दात्यांच्या प्लाझ्मातून (रक्तातल्या द्रव भागातून) काढलेलं, शिरेतून दिलं जाणारं उसनं आयजीजी. तीनेक आठवड्यांत त्यातलं निम्मं संपतं, म्हणून दर 3-4 आठवड्यांनी परत घ्यावं लागतं.

नेहमीची मात्रा किलोमागे 0.4 ग्रॅम. वजन 60 किलो असेल तर 24 ग्रॅम. 5 टक्के द्रावणाच्या 100 मिलीच्या बाटलीत 5 ग्रॅम असतं, म्हणजे 5 बाटल्या. बाटली 2 ते 8 अंशांत ठेवायची. गोठली तर टाकून द्यायची. लावण्याआधी खोलीच्या तापमानाला आणायची, हलवायची मात्र नाही, फेस होतो.

थंडी वाजणं, पाठ दुखणं, डोकं धरणं या तक्रारी बहुतेक वेळा बाटली वेगाने सोडल्यामुळे होतात. पहिला अर्धा तास किलोमागे तासाला 0.5 मिली, म्हणजे इथे तासाला 30 मिली, मग पायरीपायरीने वाढ. घाईत बाटली सोडणाऱ्या डे-केअरमध्ये हे आवर्जून सांगा. आदल्या दिवसापासून भरपूर पाणी प्यावं. मान ताठ होऊन उजेड सहन होईना, तर लगेच डॉक्टरांना कळवा. मूत्रपिंड कमजोर असेल तर सुक्रोज असलेली बाटली नको. लेबल वाचा आणि बॅच नंबर लिहून ठेवा.

श्वसनमार्गाच्या जिवाणूंविरुद्ध हे औषध खरंच उपयोगी पडतं. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) कमी असणं, बुरशी, नागीण यांवर त्याची भिस्त ठेवू नये, आणि आयुष्य वाढल्याचंही सिद्ध झालेलं नाही. आयजीजी डेसिलिटरमागे 400 मिलिग्रॅमखाली आहे पण संसर्ग होतच नाहीत, अशा माणसाने हा खर्च करण्याआधी न्यूमोकोकल आणि फ्लूची निष्क्रिय लस घ्यावी. जिवंत लस टाळा.

हिपॅटायटिस बीची तपासणी पहिल्या बाटलीआधीच करा! नंतर दात्यांच्या अँटिबॉडीमुळे खोटा पॉझिटिव्ह येतो. आयजीजीचं रक्त पुढच्या डोसच्या अगदी आधी द्यायचं. डोसनंतर लगेच दिलं तर आकडा फुगलेला दिसतो. आयव्हीआयजीचे उपचार चालू असतानाही 100.4 फॅरनहाइट ताप आला तर घरी थांबू नका.