प्रमोशनच्या नावाखाली माझ्या गाण्याचं जे झालं

स्वतःच्या हिमतीवर गाणी काढणाऱ्या जवळपास प्रत्येकाला कधी ना कधी एक मेसेज येतो. त्यात गाण्याचं नाव अचूक असतं, दुसऱ्या कडव्यातल्या एखाद्या जागेचं कौतुक असतं, आणि हे गाणं ‘योग्य श्रोत्यांपर्यंत’ पोहोचवायला मदत हवी आहे का, असं विचारलेलं असतं. अशाच एका मेसेजपासून सुरू झालेला माझा व्यवहार गाणं सगळीकडून उतरवलं जाण्यापर्यंत गेला. त्यात बुडालेले पैसे एकटीचे नव्हते. शिवाय जवळजवळ तोच मजकूर ओळखीच्या इतर गायकांनाही आल्याचं कळलं, तेव्हा सगळं सविस्तर लिहायचं ठरवलं.

आधी पैशांबद्दल. ध्वनिमुद्रण, वादकांचं मानधन, मिक्सिंग, मास्टरिंग हा सगळा खर्च मी श्रोत्यांच्या वर्गणीतून केला. लेबलकडे, म्हणजे गाणी काढणाऱ्या कंपनीकडे, जाण्याचा पर्याय होता, पण लेबलने दिलेला ॲडव्हान्स पुढच्या रॉयल्टीतून आधी वळता होतो आणि बऱ्याचदा त्या बदल्यात मास्टरचे, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणाचे, हक्क द्यावे लागतात. वर्गणीत हक्क आपल्याकडे राहतात, मात्र प्रत्येक पैशाचा हिशोब द्यावा लागतो. संगीतकारांसाठीच काढलेली प्लेजम्युझिक ही क्राउडफंडिंग कंपनी २०१९ मध्ये कोसळली आणि चाहत्यांनी दिलेले पैसे अनेक कलाकारांना मिळालेच नाहीत, हे माझ्या लक्षात होतं. म्हणून मी कुणा मध्यस्थाकडे रक्कम साठू दिली नाही आणि निर्मितीचा व प्रसिद्धीचा भाग पहिल्यापासून वेगळा ठेवला. डल्ला पडला तो या प्रसिद्धीच्या पैशांवर.

मेसेज पाठवणाऱ्या मंडळींची तयारी चोख होती. वेबसाइट होती, व्हिडिओ कॉलवर माणसं दिसली, रीतसर करार आला, पावती आली. त्यांनी माझ्याकडे कुठलाही पासवर्ड मागितला नाही. ‘आम्ही बॉट वापरत नाही, आमच्याकडे प्लेलिस्ट क्युरेटरचं जाळं आहे’ हे त्यांनी लेखी दिलं. (बॉट म्हणजे आपोआप गाणी वाजवणारा प्रोग्रॅम, क्युरेटर म्हणजे गाणी निवडून याद्या करणारा.) आधीच्या कलाकारांचे चढते आलेख दाखवले. त्या चित्रांमध्ये एक गोष्ट कुठेच नव्हती, ती म्हणजे ऐकणारे कुठल्या शहरांतले आहेत. करारात मात्र एक वाक्य ठळक होतं: महिन्याभरात अमुक ते अमुक इतके स्ट्रीम, म्हणजे गाणं वाजल्याच्या नोंदी, मिळतीलच. आता असे करार दुसऱ्यांसाठी वाचते तेव्हा माझी नजर आधी या वाक्याकडे जाते. गाणं लोकांसमोर ठेवण्याचं काम कुणीही पैसे घेऊन करू शकतं. ते किती जण ऐकतील याची हमी फक्त ऐकणारा स्वतःच्या ताब्यात असलेलाच देऊ शकतो, आणि असा ऐकणारा यंत्र असतो.

मोहीम सुरू झाल्यावर आकडे झपाट्याने वाढले. गाणं काही मोठ्या प्लेलिस्टमध्ये दिसू लागलं. अभिनंदनाचे मेसेजही आले. मी आकडेवारीचं पान, म्हणजे डॅशबोर्ड, नीट उघडून बसले तेव्हा मात्र काहीच जुळेना. बहुतेक स्ट्रीम मोजक्या शहरांतून येत होते, आणि मी ज्या भाषेत गाते ती तिथे फारशी कुणी बोलत नाही. श्रोत्यांच्या मानाने स्ट्रीम कितीतरी जास्त, म्हणजे तीच खाती पुन्हापुन्हा. गाणं सेव्ह करणारं जवळजवळ कुणी नाही, फॉलोअर जिथल्या तिथे. त्या प्लेलिस्ट मी स्वतः ऐकल्या. संथ, नुसत्या तानपुऱ्यावर उभ्या असलेल्या माझ्या गाण्याच्या आधी नाचाचं गाणं, नंतर झोपेसाठीचा पावसाचा आवाज, त्यानंतर मेटल. कुठलाही माणूस या क्रमाने संगीत ऐकत नाही.

स्पॉटिफाय या गाणी ऐकवणाऱ्या सेवेवर गाणं ३० सेकंद वाजलं की एक स्ट्रीम धरला जातो. बॉट चालवणाऱ्यांचं सगळं गणित या मर्यादेभोवती फिरतं: शेकडो खाती, तीच यादी, तेवढा वेळ वाजवायचं आणि पुढे सरकायचं. यातला सर्वांत खोल घाव सुरुवातीला दिसत नाही. हे गाणं ज्यांना आवडलं त्यांना आणखी काय आवडतं, यावरून सेवा ते पुढे कुणाला सुचवायचं ते ठरवते. माझ्या गाण्याचे ‘श्रोते’ यंत्रं होती आणि ती यंत्रं वाट्टेल ते वाजवत होती. परिणामी माझ्या पानावर ‘चाहत्यांना हेही आवडतं’ या भागात माझ्याशी दूरान्वयानेही संबंध नसलेली नावं झळकू लागली. जी थोडी खरी माणसं वर्षानुवर्षं माझं गाणं ऐकत आली, त्यांची आवड त्या गोंगाटात बुडाली.

मी विचारणा केली तेव्हा उत्तर आलं की अल्गोरिदमला वेळ लागतो, मोहीम वाढवली तर फरक दिसेल. मी नकार दिला. यानंतर त्यांनी जे केलं ते मला जास्त धोकादायक वाटतं, कारण त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

त्यांच्याच ओळखीतून एका ‘म्युझिक फंड’चा माणूस बोलायला आला. तुमचा आलेख पाहिला, पुढच्या अल्बमसाठी पैसे द्यायला आम्ही तयार आहोत, भविष्यातल्या रॉयल्टीवर आगाऊ रक्कम मिळेल, असं तो म्हणाला. त्यासाठी आधी कागदपत्रांची फी भरायची होती. कराराचा मसुदा मी वकिलाला दाखवला. त्यात मास्टरचे हक्क कायमस्वरूपी त्यांच्याकडे जात होते, आधी काढलेल्या गाण्यांसकट. पुढे एक कलम होतं: सर्व स्ट्रीम खरे असल्याची हमी कलाकार देतो, आणि ती खोटी ठरल्यास दिलेली रक्कम व नुकसानभरपाई कलाकाराने परत करायची. खोटे आकडे तयार करायचे, त्या आकड्यांवर पैसे देऊ करायचे, आणि आकडे खोटे निघाल्याचा दोष कलाकाराच्या माथी मारून गाणी ठेवून घ्यायची, अशी ही पूर्ण साखळी आहे. मी सही केली नाही आणि फीही भरली नाही. पण पहिल्या टप्प्यात खूश झालेला, पुढच्या अल्बमसाठी पैशांच्या शोधात असलेला एखादा विशीतला मुलगा काय करेल, या विचाराने जीव कासावीस होतो.

त्याच सुमारास डिस्ट्रिब्युटरचा, म्हणजे माझी गाणी या सेवांवर चढवणाऱ्या कंपनीचा, मेल आला. गाण्यावर कृत्रिम स्ट्रीमिंग आढळलं आहे, रॉयल्टी रोखली आहे, गाणं सगळ्या सेवांवरून काढत आहोत. दंडही माझ्या खात्यातून वळता होणार होता. यामागचं कारण समजून घ्यायला हवं. स्पॉटिफायने २०२३ च्या अखेरीस नवे नियम जाहीर केले आणि २०२४ पासून ते लागू झाले. उघडउघड कृत्रिम स्ट्रीमिंग सापडलं तर त्या गाण्यामागे लेबलला किंवा डिस्ट्रिब्युटरला दंड भरावा लागतो, आणि डिस्ट्रिब्युटर तो भार कलाकाराकडे सरकवू शकतो. त्याच नियमांनुसार मागच्या १२ महिन्यांत किमान १००० स्ट्रीम नसलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी मिळत नाही. हा १००० चा उंबरठा या विक्रेत्यांनी जाहिरातीचं मुख्य हत्यार केला आहे. ‘तुमचं गाणं हजाराच्या खाली आहे, पैसे बुडताहेत’ असं लिहून ते घाबरवतात, आणि त्यांच्या मार्गाने हजार ओलांडणारं गाणं थेट कारवाईच्या कक्षेत येतं.

हे नियम मला जाचक वाटत नाहीत. बहुतेक सेवांवर रॉयल्टीची एकच मोठी रक्कम असते आणि ती एकूण स्ट्रीमच्या प्रमाणात वाटली जाते. खोट्या स्ट्रीमचा वाटा खऱ्या कलाकारांच्या वाट्यातून जातो. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत एका माणसावर असा आरोप ठेवला गेला की त्याने एआयने बनवलेली लाखो गाणी बॉटकडून वाजवून १ कोटी डॉलरहून अधिक रॉयल्टी उकळली. ते पैसे कुणा ना कुणा गाणाऱ्याचे होते. माझी तक्रार एवढीच आहे की या यंत्रणेत फसवला गेलेला आणि फसवणारा दोघं सारखेच दिसतात, आणि आपण फसवले गेलो हे सिद्ध करायचं ओझं फसवल्या गेलेल्यावर येतं.

माझ्याकडे करार, पावत्या आणि सगळं संभाषण जपलेलं होतं, म्हणून डिस्ट्रिब्युटरने बऱ्याच पत्रव्यवहारानंतर खातं चालू ठेवलं. गाणं नव्याने चढवावं लागलं, स्ट्रीमची मोजणी शून्यावर आली. लोकांनी आपल्या याद्यांमध्ये ठेवलेल्या जुन्या लिंक मेल्या. पैसे परत मिळवण्यासाठी बँकेमार्फत दावा केला, तर समोरच्यांनी काम पूर्ण केल्याचा पुरावा म्हणून तेच स्ट्रीमचे आकडे पुढे केले. दावा फेटाळला गेला. सायबर गुन्ह्याची तक्रार नोंदवली आहे. वर्गणी देणाऱ्या प्रत्येकाला मी हिशोबासह सगळं कळवलं. बहुतेकांनी समजून घेतलं, काहींनी घेतलं नाही, आणि त्यांचा राग मला मान्य आहे.

कुणी विचारतं, मग प्रसिद्धीवर पैसे खर्चच करू नयेत का? करावेत, पण कशाचे पैसे देतोय ते बघून. स्पॉटिफायच्या संपादकीय, म्हणजे त्यांच्याच संपादकांनी केलेल्या, प्लेलिस्टमध्ये जागा विकत मिळत नाही. तिथे गाणं सुचवायची सोय कलाकाराच्या स्वतःच्या खात्यात फुकट आहे. प्रकाशनाच्या किमान ७ दिवस आधी गाणं सुचवलं तर ते फॉलोअरच्या ‘रिलीज रडार’ या नव्या गाण्यांच्या यादीत जातं. संपादकीय प्लेलिस्टमध्ये पैसे घेऊन जागा मिळवून देतो म्हणणारा सरळ खोटं बोलतोय. काही ठिकाणी क्युरेटर किंवा समीक्षकाने गाणं ऐकून मत द्यावं म्हणून शुल्क घेतलं जातं आणि नकारही मिळतो. तो व्यवहार वेगळा, तिथे ऐकण्याचे पैसे आहेत, निकालाचे नाहीत. सोशल मीडियाच्या अधिकृत जाहिरातीत कोणाला दाखवायचं ते आपण निवडतो आणि खर्चाचा तपशील आपल्यासमोर राहतो. कुणाची प्रमोशनची सेवा घेण्याआधी त्यांच्या दोन-तीन प्लेलिस्ट पूर्ण ऐका, आणि जुन्या ग्राहकांचे आलेख मागताना शहरं व सेव्हचे आकडे झाकलेले नकोत असं स्पष्ट सांगा. माझ्या ओळखीच्या एका गायकाने एवढंच विचारलं आणि पलीकडून उत्तर येणं बंद झालं.

आणि तुमच्या गाण्यावर असे स्ट्रीम आत्ता येत असतील, मग तुम्ही पैसे दिलेले असोत वा नसोत, तर डिस्ट्रिब्युटरचा मेल यायची वाट पाहू नका. ज्या प्लेलिस्टमधून ते येताहेत त्यांच्या लिंक, तारखा आणि शहरांचे स्क्रीनशॉट घेऊन आजच डिस्ट्रिब्युटरला आपणहून लेखी कळवा. मला फसवणारी मंडळी सध्या नव्या नावाने मेसेज पाठवत आहेत. मजकूर बदलला आहे, पण नमुना म्हणून दाखवलेल्या प्लेलिस्ट त्याच आहेत.