पोटफोड्या ‘ष’ परत मिळाला: आठ महिने क्लिंगॉन शिकल्यावर

क्लिंगॉन शिकायला घेतली ती भाषेच्या ओढीने नव्हे, भांडणांच्या. स्टार ट्रेक या अमेरिकी अंतराळमालिकेतली आणि चित्रपटांतली ही कपाळावर कंगोरे असलेली लढवय्यी जमात मला आवडायची ती तिच्या इतिहासामुळे. काहलेसने मोलोर नावाच्या जुलमी राजाला मारून साम्राज्य उभं केलं, पुढे हर्क नावाचे परके येऊन क्रोनोस हा मूळ ग्रहच लुटून गेले, आणि मग घराण्यांची वैरं, विषप्रयोग, यादवी. सनावळी पाठ झाली, आता पुढे काय, तर भाषा. एका मोफत ॲपवर तिचा अभ्यासक्रम सापडला. दिवसाला वीसेक मिनिटं, आठ महिने, मध्ये दोन आठवड्यांचा खंड. तेवढ्या जोरावर हे लिहितेय.

पहिला धडा अभिवादनाचा, आणि अभिवादनच नाही. त्या जागी ‘नुक़नेख़’, म्हणजे ‘काय हवंय तुला?’ इथेच मी खूश झाले.

मराठी माणसाला सगळ्यात आधी सांगण्यासारखी गोष्ट उच्चारांची. ही भाषा रोमन लिपीत लिहितात आणि तिथे मोठा ‘डी’ म्हणजे आपला ‘ड’, जीभ मागे वळवून. इंग्रजी बोलणारे शिकाऊ या एका अक्षरावर आठवडे घालवतात, आपल्याला ते फुकट मिळतं. मोठा ‘एस’ म्हणजे तर चक्क ‘ष’. शाळेत आपण त्याला पोटफोड्या म्हणून ओळखलं आणि नंतर आयुष्यभर ‘श’च म्हणत आलो. माझ्या तोंडून खरा ‘ष’ निघायला एका परग्रहावरच्या जमातीची गरज पडली. गंमत अशी की ‘ड’ आहे पण ‘ट’ नाही, ‘ष’ आहे पण साधा ‘स’ नाही. हे मुद्दाम केलेलं आहे. यातला प्रत्येक आवाज पृथ्वीवरच्या कुठल्या ना कुठल्या भाषेत असतो, पण एवढी विजोड माणसं एका घरात नांदत नाहीत.

ही जुळणी करणारा माणूस म्हणजे मार्क ओक्रँड. त्याने 1977 मध्ये बर्कलीला डॉक्टरेट केली ती कॅलिफोर्नियातल्या मुत्सुन या मूळ रहिवाशांच्या भाषेच्या व्याकरणावर. 1979 च्या पहिल्या चित्रपटात क्लिंगॉनचे जे मोजके शब्द ऐकू येतात ते जेम्स डूहान या नटाने बसवलेले होते. ओक्रँडने 1984 च्या तिसऱ्या चित्रपटासाठी त्यांच्याभोवती अख्खी भाषा विणली आणि पुढच्याच वर्षी शब्दकोश काढला. एरवी हे सगळं माहितीच्या रकान्यात टाकून पुढे गेले असते, पण अभ्यास करताना त्याचा हात जागोजागी जाणवतो. मासा म्हणजे ‘ग़ोति’, गिटार म्हणजे ‘लेषपाल’. ‘ghoti’ असं लिहून ‘फिश’ वाचायचं हा इंग्रजी स्पेलिंगवरचा जुना विनोद आणि ‘लेस पॉल’ ही प्रसिद्ध गिटार ज्यांना माहीत आहे ते हसतील.

आता तक्रार. रोमन लिपीत लहान ‘क्यू’ आणि मोठा ‘क्यू’ ही दोन वेगळी अक्षरं आहेत. फोनचा कीबोर्ड मात्र वाक्याच्या सुरुवातीला आपल्या मनाने अक्षर मोठं करतो आणि ॲप उत्तर चूक ठरवतं. बऱ्याच वाक्यांना आवाजाची जोड नव्हती, त्यामुळे फरक कानाला कळेना. शेवटी मी वही केली आणि देवनागरीत लिहायला लागले: लहानाला ‘क़’, मोठ्याला ‘क्ख़’, घशातून खाकरून. ‘क्ख़ाग़’ म्हणजे चूक. ‘क़ाग़’ म्हणजे त्यांच्या ताटातले वळवळते जिवंत किडे. एका ऑनलाइन सरावगटात मी ‘माझी चूक’ म्हणायला गेले आणि ‘माझे किडे’ म्हणाले. पलीकडच्याने अतिशय गंभीरपणे पाहुणचाराबद्दल आभार मानले.

व्याकरणात पहिला महिना गोंधळाचा गेला. क्रम आहे कर्म, क्रियापद, कर्ता. ‘जाग़ ख़ोख़ षुव्ह्वि’ यातले शब्द क्रमाने ‘शत्रू, मारतो, योद्धा’ असे आहेत आणि अर्थ आहे योद्धा शत्रूला मारतो. आपल्याला ‘ला’ची सवय, शब्द कुठेही ठेवला तरी कोण मेला ते कळतं. इथे कर्त्याकर्माला असा प्रत्यय नाही, जागा चुकली की बाजू बदलते. पहिल्या पंधरवड्यात मी सगळे योद्धे शत्रूच्या हातून मारून टाकले. हा क्रम पृथ्वीवर फार विरळा आहे, ब्राझीलमधल्या हिश्कार्याना या भाषेचं उदाहरण नेहमी देतात. पण क्रियापदाच्या उपसर्गात कर्ता आणि कर्म दोघंही बसतात तेव्हा मला हायसं वाटलं. ‘मी पत्र लिहिलं’, ‘मी चिठ्ठी लिहिली’ म्हणताना आपणही क्रियापद कर्माच्या ताब्यात देतोच की. ते उपसर्ग पाठ करणं मात्र निव्वळ घोकंपट्टी आहे, त्याला तोड नाही.

तुलना करायची पद्धत माझी सगळ्यात लाडकी. ‘हा त्याच्यापेक्षा शूर’ असं नाही. ‘हा शूर पुष्कळ, तो शूर थोडा’ असं सांगायचं, दोघांनाही तराजूत उभं करून. आणि लढाईच्या धुमश्चक्रीत हुकूम देताना उपसर्ग गाळायचे असतात, कारण तेवढा वेळ नसतो. व्याकरणाच्या पुस्तकात घाईचाही नियम असावा!

ज्या इतिहासासाठी मी आले होते, तो मात्र शिकता शिकता डोळ्यांसमोर उलटा झाला. 1967 मध्ये हे लोक पहिल्यांदा पडद्यावर आले तेव्हा कपाळं सपाट होती. रंगभूषेला पैसे आणि वेळ दोन्ही कमी. 1979 मध्ये कंगोरे आले, कुणी काही स्पष्टीकरण दिलं नाही. 1996 च्या एका भागात वॉर्फला, मालिकेतल्या क्लिंगॉन अधिकाऱ्याला, विचारलं जातं तेव्हा तो एवढंच सांगतो की याबद्दल आम्ही बाहेरच्यांशी बोलत नाही. 2005 मध्ये शेवटी एका विषाणूची कथा रचून 2154 सालात बसवली. म्हणजे खर्चाची काटकसर अडतीस वर्षांनी एका जमातीची लाजिरवाणी जखम झाली. 1991 च्या चित्रपटात त्यांचा प्रॅक्सिस हा चंद्र फुटतो आणि साम्राज्याला शत्रूशी खिटोमरचा तह करावा लागतो. चेर्नोबिल आणि शीतयुद्धाची अखेर ज्यांनी बातम्यांत पाहिली त्यांना वेगळं सांगायला नको. कथेतला तो तह 2293 चा. मग 2346 मध्ये त्याच खिटोमरवर रोम्युलन या दुसऱ्या जमातीने केलेली कत्तल, 2367 ला पेटलेली यादवी, 2372 मध्ये कार्डेशियन या आणखी एका जमातीवर स्वारी आणि तह मोडणं, 2375 मध्ये वॉर्फच्या हातून साम्राज्याचा प्रमुख गॉव्रॉन याचा मृत्यू आणि सेनापती मार्टोककडे सत्ता. पूर्वी मी हे लढायांची यादी म्हणून वाचायचे. आता त्यात पटकथा लिहिणाऱ्यांचे अडलेले प्रसंग दिसतात, आणि त्याने मजा कमी झालेली नाही.

शब्दांनी तर माझं मतच फिरवलं. ‘वेष’ म्हणजे युद्ध, एकूण युद्ध हा प्रकार. एखादं विशिष्ट युद्ध म्हणजे ‘नोख़’. इथवर अपेक्षेप्रमाणेच. पण ‘रोज’ म्हणजे शांतता. हो, ‘रोज’. ‘रोजख़ोम’ म्हणजे तात्पुरती शांतता, शब्दशः धाकटी शांतता, आपल्याकडची युद्धबंदी. ‘रोजमाब’ म्हणजे शांततेचा करार. तोडायचा तर आधी करार हवा, असं कुणी म्हणेल. मला वाटतं सतत लढणाऱ्यांनाच शांततेचे प्रकार मोजावे लागतात. मानासाठीही दोन शब्द आहेत: ‘बात्ल्ह’ हा मान म्हणजे तत्त्व, आणि ‘क़ुव्ह’ हा तुझा स्वतःचा मान, चारचौघांतला. वॉर्फच्या घराण्याचा जो अपमान होतो तो या दुसऱ्याचा, आणि तो सारं निमूट सोसतो ते पहिल्यासाठी, हे मला कुठल्याही भागात एवढं स्वच्छ दिसलं नव्हतं.

त्या 1991 च्याच चित्रपटात हॅम्लेटचं ‘जगावं की मरावं’ क्लिंगॉनमध्ये हवं होतं आणि भाषेत ‘असणे’ हे क्रियापदच नव्हतं. ओक्रँडने आधी ‘जगणे’वर काम भागवलं, पण त्यातला क्लिंगॉन सेनापती झालेल्या क्रिस्टोफर प्लमर या नटाला त्याचा आवाज मिळमिळीत वाटला. म्हणून ‘ताख़ पाग़ ताख़बे’ झालं: टिकून राहावं की राहू नये. 1992 मध्ये स्थापन झालेल्या क्लिंगॉन लँग्वेज इन्स्टिट्यूटने पुढे अख्खं नाटक भाषांतरित करून छापलं.

शब्दसंग्रह तोकडा आहे, हे मान्य करूनच या वाटेला जा. यानाच्या भागांना शब्द आहेत, घरातल्या साध्या वस्तूसाठी कोश उलटापालटा करावा लागतो. नवा शब्द स्वतः बनवायचा नाही, तो ओक्रँडकडूनच यावा लागतो, आणि संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात लोक मागण्यांची यादी घेऊन बसतात. त्यांची स्वतःची वळणदार लिपीही आहे, पण 2001 मध्ये युनिकोडने, म्हणजे संगणकावरच्या लिप्यांच्या जागतिक प्रमाणाने, तिला जागा नाकारली, त्यामुळे फोनवर रोमनच. मी तर देवनागरीच म्हणेन.

गप्पा मारण्यासाठी शिकायची असेल तर नका शिकू, आठ महिन्यांनंतर मला सहज जमतात ती आज्ञार्थी वाक्यं. व्याकरणात रस असेल, किंवा या जमातीवर माझ्यासारखा आधीपासून जीव असेल, तर पहिले दोन महिने नेटाने काढा. ॲप एकटं पुरत नाही, शब्दकोश हाताशी ठेवा, वही तर हवीच.

‘त्ल्ह’ अजून येत नाही. जिभेचं टोक वर टेकवून हवा दोन्ही बाजूंनी फोडायची असते. रात्री आरशासमोर दहा वेळा करते. सातव्या-आठव्या वेळेला एकदा बरोबर येतो, आणि आरशावर थुंकी उडते.