पॉवर इंडक्टरसाठी सेंडस्टचे काळे टोरॉइड

स्टेप-डाउन (डीसी व्होल्टेज कमी करणाऱ्या) कन्व्हर्टरच्या चोकसाठी, म्हणजे करंटचे चढउतार थोपवणाऱ्या इंडक्टरसाठी, मी ६० पर्मिएबिलिटीचे (चुंबकीय पारगम्यतेचे), सुमारे २७ मिलिमीटर बाह्य व्यासाचे सेंडस्ट या मिश्रधातूच्या चूर्णाचे दहा टोरॉइड (तार गुंडाळण्याचे कडीच्या आकाराचे कोअर) मागवले आणि संगणकाच्या जुन्या पॉवर सप्लायमध्ये हमखास सापडणाऱ्या पिवळ्या-पांढऱ्या लोहचूर्णाच्या कोअरऐवजी ते वापरून पाहिले.

२६ वेढे घातल्यावर एलसीआर मीटरने ५० मायक्रोहेन्री दाखवले. मात्र ५ अँपिअर डीसी वाहू लागताच स्कोपवरील त्रिकोणी करंटचा उतार वाढला आणि हिशेबाने इंडक्टन्स ४० च्या आसपास आला. याला मी दोष मानत नाही. चूर्ण दाबून बनवलेल्या कोअरमध्ये फट कणाकणांत विखुरलेली असल्याने तो हळूहळू संपृक्त होतो (आणखी चुंबकीय फ्लक्स पेलण्याची क्षमता संपत जाते), तर फेराइट (लोह ऑक्साइडचे सिरॅमिक) मर्यादेपर्यंत साथ देऊन एकदम हात वर करतो. शिवाय पॉवर फेराइटची २५ अंशांना सुमारे ०.५ टेस्ला असणारी ही मर्यादा १०० अंशांना ०.४ पर्यंत खाली येते. सेंडस्टला साधारण १ टेस्ला मिळतो.

खरा फरक उष्णतेत जाणवला. १०० किलोहर्ट्झला, तेवढ्याच इंडक्टन्सच्या लोहचूर्णाच्या चोकवर बोट फार वेळ टेकवता येईना, सेंडस्टचा मात्र कोमटच राहिला. सुमारे ८५ टक्के लोखंड, ९ टक्के सिलिकॉन आणि ६ टक्के ॲल्युमिनिअम असलेला हा मिश्रधातू १९३० च्या दशकात जपानमधील सेंदाई येथे तयार झाला, नावही त्या शहरावरूनच पडले. लोहचूर्णातील सेंद्रिय बंधक उष्णतेने कालांतराने खराब होतो आणि कोअरमधील ऊर्जेचा ऱ्हास वाढत जातो, म्हणून जुना पिवळा कोअर उचकटून पुन्हा वापरण्याची सवय (मलाही ती होती) महागात पडू शकते.

तक्रारी दोन आहेत. विक्रेत्याने रंग, माप आणि एएल मूल्य (वेढ्यांवरून इंडक्टन्स काढण्याचा आकडा) दिले, पण डीसी बायसचा, म्हणजे वाहत्या डीसीनुसार इंडक्टन्स किती घटतो ते दाखवणारा, आलेख दिलाच नाही. चोकसाठी कोअर निवडताना पर्मिएबिलिटीच्या आकड्यापेक्षा तोच आधी पाहावा लागतो. दुसरे असे की दहापैकी दोन कोअरच्या आतल्या कडेचा लेप उडालेला होता आणि एका गुंडाळणीत तारेचे एनॅमल तिथेच खरवडले गेले.

रेझोनंट कन्व्हर्टरसारख्या ठिकाणी, जिथे फ्लक्स दोन्ही दिशांनी मोठा हेलकावा घेतो, मी फट ठेवलेला फेराइटच घेईन. एमपीपी या निकेल-लोह-मॉलिब्डेनम चूर्णाच्या कोअरचा ऱ्हास सेंडस्टहूनही कमी, पण त्यात जवळपास ८० टक्के निकेल असल्याने तो बराच महाग पडतो. डीसीवर लहानसा रिपल (करंटचा चढउतार) असलेल्या चोकसाठी मात्र हे काळे टोरॉइड मी पुन्हा मागवले आहेत. या वेळी तार गुंडाळण्याआधी आतल्या कडेवर उष्णता सोसणाऱ्या कॅप्टॉन टेपचा एक थर चढवतो आहे.